आपल्या रक्ताचा आकडा आपल्या वहीत

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन नुकत्याच टेकल्या असाल. हातातलं काम चालू ठेवा, फक्त कान इकडे द्या. आम्ही फुलंब्री तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आम्ही काही डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या गटाने जे पाहिलं, आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून व आमच्या आशाताईकडून जे समजून घेतलं, ते तुम्हाला सांगायला आलो आहोत.

आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या गटाची शिल्लक किती आहे? कुणाचा हप्ता थकलाय? कालचा कापसाचा भाव काय होता? म्हैस सकाळी किती दूध देते? हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. आता सांगा, तुमचं हिमोग्लोबिन किती आहे?

मागच्या वर्षी गटाच्या बैठकीत सिस्टरने हाच प्रश्न आम्हाला विचारला, तेव्हा सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. एकजण म्हणाली, "माझं तपासलं होतं की बाळंतपणात." सिस्टर म्हणाल्या, "कधी?" तर ती म्हणाली, "ते पोरगं औंदा दहावीला बसलंय." आम्ही हसलो खरं, पण बाकीच्यांना तर तेवढंही सांगता येत नव्हतं.

त्या दिवशी बोटाला टोचून सगळ्यांचं रक्त तपासलं. बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असावं लागतं. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणी त्याच्या खाली निघाल्या. एकीचं तर आठच्याही खाली होतं. ही बाई दिवसभर कापूस वेचायची, घरी येऊन पाणी भरायची, स्वयंपाक करायची. आम्ही विचारलं, "तुला काही जाणवत नव्हतं का गं?" ती म्हणाली, "थकवा यायचा. चढ चढताना दम लागायचा. मला वाटलं, आता वय झालं." तिचं वय होतं चौतीस.

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं याच एका गोष्टीसाठी आहे. थकवा हा बाईचा जन्मजात वाटा नाही. पुष्कळदा तो आजार असतो, तो तपासता येतो आणि बरा करता येतो.

आता हा आजार म्हणजे काय? आपण म्हणतो, "अंगात रक्त कमी आहे." डॉक्टर त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात, पुस्तकात रक्तक्षय किंवा पंडुरोग म्हणतात. रक्तात तांबड्या पेशी असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचा पदार्थ असतो, त्यानेच रक्ताला लाल रंग येतो. आपण श्वास घेतो तो प्राणवायू फुप्फुसातून उचलून हाता-पायांपर्यंत, मेंदूपर्यंत, पोटातल्या बाळापर्यंत पोचवायचं काम हेच हिमोग्लोबिन करतं. आणि ते तयार व्हायला लोह लागतं.

उसाच्या ट्रॉल्या कारखान्यावर जाताना तुम्ही पाहिल्या असतील. ट्रॉली अर्धीच भरली तर तेवढाच ऊस पोचवायला खेपा दुप्पट होतात. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात, म्हणजे ट्रॉली अर्धीच भरते. मग हृदयाला जास्त खेपा माराव्या लागतात. म्हणून छाती धडधडते, दम लागतो, डोकं दुखतं, चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय भरून येतात. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका दिसतो. जीभ आणि नखं फिकट पडतात. आणि एक खूण अशी, जी बाया लाजून सांगत नाहीत. माती, खडू, राख, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. ही वाईट खोड नव्हे. पुष्कळदा ती लोह कमी पडल्याची खूण असते. घरातली लेक किंवा सून चोरून माती खात असेल तर तिला रागावू नका, तिचं रक्त तपासून घ्या.

आकडे एकदा नीट ऐका. जमलं तर लिहून ठेवा. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी. ८ च्या खाली असेल तर फारच कमी. गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल तर कमी, आणि ७ च्या खाली गेलं तर तो धोका समजायचा. तिथे वाट पाहायची नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं.

हे फक्त आपल्याच गावाचं आहे असं समजू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरपैकी ५४ बायांमध्ये रक्त कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांमध्ये तर शंभरात जवळजवळ ६९. आणि पुरुषांमध्ये? शंभरात सुमारे २२.

घर एकच, शेत एकच, चूल एकच. मग बाईचा आकडा पुरुषापेक्षा दुपटीहून जास्त कसा? थोडं कारण आपल्या शरीरात आहे. दर महिन्याला पाळीत रक्त जातं. बाळंतपणात जातं. पोटातलं बाळ आपल्याच अंगातलं लोह घेतं, आणि लागोपाठ दिवस गेले तर ती भर निघायला सवडच मिळत नाही. पण बाकीचं कारण आपल्या घरात आहे. आपण सगळ्यांत शेवटी जेवतो. वरण संपलं तर चटणी-भाकर, कोरड्यास संपलं तर मीठ-भाकर. अंडी आणली तर ती पोरांना आणि त्यांच्या वडिलांना. भूक लागली की आपण चहा पितो, आणि चहा तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. शिवाय पोटातले जंत. त्यातला एक प्रकार अनवाणी चालताना पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणून शेतात आणि परसाकडे जाताना पायात चप्पल हवीच.

आता आमच्या गटात घडलेली गोष्ट सांगतो. सांगायची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

आमच्याच गटातल्या एका मावशींची सून आठव्या महिन्यात होती. चेहऱ्यावर सूज, दोन पावलं चाललं की बसायची. तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या जरासं वर. आशाताईने त्याच दिवशी १०२ ची गाडी बोलावली आणि तिला शहरात घाटीला नेलं. तिथे भरती करून रक्त चढवलं. पोरगी वाचली, बाळही नीट झालं. पण तिथल्या सिस्टरने जे सांगितलं ते ऐकून आमच्या अंगावर काटा आला. बाळंतपणात प्रत्येकीचंच थोडं रक्त जातं. धडधाकट बाईला ते सोसतं. पण जिच्या अंगात आधीच रक्त नाही, तिला तेवढंही सोसत नाही. थोडा जास्त रक्तस्राव झाला की सावरायला वेळच मिळत नाही.

ती दवाखान्यातून आल्यावर मावशींनी घर आवरायला काढलं. पिठाच्या डब्यामागे लाल गोळ्यांची पाकिटं निघाली. चौथ्या महिन्यापासून मिळालेल्या जवळजवळ सगळ्या गोळ्या, जशाच्या तशा. मावशी खाली बसल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, "मीच म्हणले होते तिला, नको खाऊ माय. गोळ्यांनी बाळ मोठं होतंय, मग पोट फाडावं लागतंय." सून म्हणाली, "आत्याबाई, मलाही मळमळत होतं. काळी शी व्हायची म्हणून मी भ्याले." दोघींचाही जीव एकमेकींवर होता, आणि तरीही गोळ्या डब्यामागेच राहिल्या होत्या.

त्या दिवशी आम्हाला कळलं, गोळी घरापर्यंत येते, पण तोंडापर्यंत येत नाही. म्हणून गोळीबद्दलच्या शंका आज एकेक करून सोडवू.

गोळीने बाळ प्रमाणाबाहेर मोठं होत नाही. ती आईचं रक्त भरून काढते आणि बाळाच्या अंगात लोहाचा साठा करून ठेवते. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ त्या साठ्यावर जगतं.

शी काळी होते, कारण अंगात न मुरलेलं लोह बाहेर पडतं. त्याने काही बिघडत नाही.

मळमळ होते, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे गोळी रिकाम्या पोटी न घेता रात्री जेवण झाल्यावर घ्यायची आणि झोपायचं. पोट घट्ट होत असेल तर पाणी आणि पालेभाजी वाढवायची. तरीही सोसत नसेल तर गोळी फेकू नका, सिस्टरला सांगा. गोळी बदलून देता येते, गरज असेल तर सलाईनमधून लोह देता येतं.

गोळी साध्या पाण्यासोबत घ्यायची, लिंबू-पाणी असेल तर उत्तमच. चहा किंवा दुधासोबत घ्यायची नाही. आधी आणि नंतर तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी. एक सकाळी, एक रात्री.

"महिनाभर खाल्ली, आता बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. महिन्याभरात अंगात तरतरी येते खरी, पण तेव्हा फक्त रोजचा खर्च भागलेला असतो, शिल्लक पडलेली नसते. शिल्लक नसलेल्या घराचं काय होतं, ते गटातल्या बायांना वेगळं सांगायला नको. म्हणून आकडा नीट झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवायची.

गरोदर बाईने चौथा महिना लागल्यापासून निदान १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गरोदर नसलेल्या बायांनी रक्त कमी पडू नये म्हणून आठवड्याला एक लाल गोळी. १० ते १९ वर्षांच्या मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, शाळेत किंवा अंगणवाडीत मिळते. लहान लेकरांना औषध असतं. वर्षातून दोनदा जंताची गोळी. हे सगळं सरकारच्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात २०१८ पासून आहे, आणि फुकट आहे. रक्त आधीच कमी असेल तर मात्र आठवड्याची गोळी पुरत नाही, रोज घ्यावी लागते. किती, ते डॉक्टर ठरवतील.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. या गोळ्या लेकरांच्या हाती लागू देऊ नका. गोड-लाल दिसतात म्हणून लहान मूल चार-सहा गोळ्या खाऊन बसलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. गोळ्या उंचावर ठेवा, पण डोळ्यांपुढे ठेवा, पिठाच्या डब्यामागे नको.

या गोळीत लोहासोबत आणखी एक औषध असतं, फोलिक अ‍ॅसिड. त्याची कथा आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आली. तेव्हा कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या. लुसीबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं, त्या बाया काय खातात ते पाहिलं. ज्यांच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतं, त्यांना हा आजार जास्त होत होता. त्यांनी यीस्टपासून केलेला एक स्वस्त काळपट अर्क या बायांना दिला, आणि मरणाच्या दारातल्या बाया उठून बसल्या. १९३१ साली त्यांनी हे छापून जगाला सांगितलं. त्या अर्कात काय होतं ते नंतर कळलं. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी तेच द्रव्य पालकाच्या पानांतून काढलं आणि पानावरूनच त्याला फोलिक हे नाव पडलं. गोळी हातात घ्याल तेव्हा त्या गिरणीतल्या बाया आठवा. त्यांच्या आजारातून मिळालेलं शहाणपण आपल्याला आज फुकट मिळतं.

म्हणूनच पालेभाजी शिजवून तिचं पाणी फेकू नका आणि फार वेळ रटरट शिजवू नका. पानातलं हे द्रव्य पाण्यात आणि आचेत नाश पावतं.

आता ताटाकडे वळू. पुष्कळ घरांत रक्त वाढायला बीट आणि डाळिंब आणतात. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही. बीट-डाळिंब खा, चांगलंच आहे, पण त्यात लोह थोडंच असतं. त्यापेक्षा आपल्या बांधावर पाहा. मटकी, हरभरा, तीळ, बाजरी, राजगिरा, शेवग्याचा पाला, तांदुळजा. या सगळ्यांतलं लोह अंगी लागायला आंबट हवं. म्हणून मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा, पेरू, मोसंबी, कच्चा टोमॅटो, काहीतरी एक ठेवा. आपल्या पैठणकडे मोसंबीच्या बागा आहेत, आपण ती बाजारात पाठवतो. दोन घरी ठेवा. जे मांसाहार करतात त्यांनी मटण, मासे, कलेजी खाल्ली तर त्यातलं लोह लवकर अंगी लागतं. गरोदर बाईने कलेजी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी. भाजी लोखंडी कढईत केली तर कढईचं थोडं लोह भाजीत उतरतं.

बाजरीची एक खास जात आहे, धनशक्ती. हैदराबादजवळची इक्रिसॅट संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून ती आणली. तिच्यात साध्या बाजरीपेक्षा लोह जास्त आहे. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना काही महिने तिची भाकरी दिली, तेव्हा त्यांच्या अंगातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. पेरणीच्या वेळी घरात बियाण्याचा विषय निघेल, तेव्हा हे नाव सांगा.

पण ज्यांचं रक्त फार उतरलंय त्यांना नुसत्या खाण्याने ते भरून येणार नाही. त्यांना औषध लागतंच. आणि सगळा रक्तक्षय लोहामुळेच होतो असंही नाही. महिनाभर नीट गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर डॉक्टरांकडे जा. बी-१२ कमी असू शकतं, सिकलसेलसारखा वारशाने येणारा आजार असू शकतो, मूळव्याधीतून रक्त जात असू शकतं.

पाळीत फार रक्त जात असेल, आठ-आठ दिवस जात असेल, गाठी पडत असतील, तर "बाईच्या जातीला असं असतंच" म्हणू नका, ते दाखवा. आणि कुणी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर घाई करू नका. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जास्त रक्त जाण्यावर गोळ्या-औषधं असतात. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, मगच ठरवा.

आता आमच्या गटाने काय केलं ते सांगून थांबतो. आमची बैठक दर सोमवारी असते. बैठकीच्या दिवशी प्रत्येकजण जेवून येते, पाण्याचा तांब्या फिरतो आणि आम्ही सगळ्या तिथेच आठवड्याची गोळी घेतो. वहीत बचतीच्या शेजारी एक रकाना वाढवला आहे. गोळी घेतली की तिथे टिक करायची. हिमोग्लोबिनचा आकडा मात्र आम्ही मोठ्याने वाचत नाही. तो ज्या बाईचा तिच्याच चिठ्ठीवर, तिच्याच जवळ. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून. ज्यांना रोजची गोळी लागते त्यांनी एकेक मैत्रीण जोडून घेतली आहे. रात्री जेवणानंतर तिने हाक मारायची, "घेतली का गं?" दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी गटातली एकजण गावातल्या गरोदर लेकी-सुनांना सोबत घेऊन जाते. रक्त चढवायची वेळ आली तर सरकारी दवाखान्यात गरोदर बाईकडून पैसे घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

आणि आठवड्यातून निदान एक दिवस आम्ही घरच्यांसोबत एकाच पंगतीला बसून जेवतो. सुरुवातीला सासवांनी नाकं मुरडली. मग त्या मावशीच उठून म्हणाल्या, "माझी सून जाता जाता राहिली. बसू द्या पोरींना जेवायला." तेव्हापासून कुणी काही बोलत नाही.

ती आठच्या खाली असलेली आमची मैत्रीण, तिचं गेल्या महिन्यात पुन्हा तपासलं. अकरा भरलं. बारा अजून नाही, म्हणून तिची गोळी चालू आहे. पण यंदा कापूस वेचताना ती मध्ये बसत नाही, आणि गाणी म्हणायला लागली आहे.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. उपकेंद्रात जा, बोट पुढे करा आणि आपला आकडा विचारून घ्या. येताना सासूबाईंना, लेकीला, जावेला सोबत न्या. गटाची शिल्लक जशी पाठ आहे, तसा हाही आकडा पाठ असू द्या.